चोवीस लाखांचं काय करायचं?

हिशोब सरळ आहे. केंद्राच्या दराने पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढची तीन वर्षं ४२,००० रुपये फेलोशिप मिळते. १ जानेवारी २०२३पासूनचा हा दर आहे. घरभाडं भत्ता बाजूला ठेवला तर पाच वर्षांचे बरोबर चोवीस लाख होतात. इचलकरंजीतल्या आमच्या छोट्या ट्रस्टपुढे प्रस्ताव आला तो नेमका एवढ्या रकमेचा होता. अल्गोरिदम आणि सैद्धांतिक संगणकशास्त्र, ज्याला त्यातले लोक नुसतं ‘थिअरी’ म्हणतात, त्यात पीएच.डी. करणाऱ्या एका मुलाचा किंवा मुलीचा पाच वर्षांचा खर्च ट्रस्टने उचलायचा.

प्रस्ताव ताईने आणला. गावातलीच पोर, आता मुंबईत हाच विषय शिकवते. विरोध आप्पांचा. सूत-कापडाच्या धंद्यात हयात गेलेली, ट्रस्टचे खजिनदार, पावतीशिवाय पैसा बाहेर न सोडणारे. मी विश्वस्त म्हणून मधे बसलो होतो. हे दोघं बोलायला लागले की तिसऱ्याला कान देण्यापलीकडे काम उरत नाही, आणि मला ते सोयीचंच असतं.

आप्पा: असं बघ ताई. आपण इंजिनिअरिंगच्या पोरांची फी भरतो. एकाला वर्षाला तीस हजार धर. चोवीस लाखांत ऐंशी पोरं बसतात. तू म्हणतेस, ऐंशी जणांचं एकट्याला द्या. आणि तो करणार काय, तर कागदावर गणितं. विधिमंडळातच विचारून झालंय की, पीएचडी करून काय दिवे लावणार म्हणून.

ताई: २०२३च्या डिसेंबरात, नागपूरला. त्यावर केवढा गदारोळ झाला तेही आठवत असेल तुम्हाला.

आप्पा: गदारोळ झाला म्हणून प्रश्न चुकीचा होत नाही. आधी मला सांग, पैसे जातात कशात? प्रयोगशाळा, मशीन, रसायनं?

ताई: काही नाही. एक फळा आणि एक साधा लॅपटॉप. सगळे पैसे माणसाच्या पोटात जातात. खोलीभाडं, मेस, घरी पाठवायचे चार पैसे. आप्पा, अडचण तिथंच आहे. अनुदानाच्या अर्जात उपकरणांचा रकाना मोठा असतो. तिथं आमच्याकडे लिहायला काही नसतं, म्हणून खर्च कमी दिसतो, आणि खर्च कमी म्हणून काम हलकं वाटतं. सैद्धांतिक विषयांच्या शिक्षकांसाठी केंद्राची ‘मॅट्रिक्स’ नावाची योजना आहे, वर्षाला दोन लाखांची. शिक्षकाला ती बरी पडते. पण एका विद्यार्थ्याची वर्षाची फेलोशिपच चार लाख चव्वेचाळीस हजार होते.

आप्पा: म्हणजे तू मला पगार द्यायला सांगतेस. आणि बदल्यात माल काय?

(‘माल’ हा शब्द ताईला खटकेल असं मला वाटलं होतं. खटकला नाही. तिचे वडीलही यंत्रमागवालेच.)

ताई: माल दाखवते. समजा लग्नाला दोनशे पाहुणे आहेत. त्यांतल्या बऱ्याच जोड्यांचं आपसांत पटत नाही. तुम्हाला दोन पंगती बसवायच्या आहेत, अशा की न पटणाऱ्या जास्तीत जास्त जोड्या वेगवेगळ्या पंगतीत जातील.

आप्पा: आमच्या भावकीत दोन पंगतींनी भागायचं नाही.

ताई: दोनच धरा. प्रत्येक पाहुण्यासाठी नाणं उडवलं, छापा आला की इकडं, काटा आला की तिकडं, तरी सरासरी निम्म्या भांडखोर जोड्या वेगळ्या होतात. डोकं न चालवता निम्मं काम झालं. पण सगळ्यांत चांगली वाटणी हवी असेल, तर ती हमखास आणि झटपट काढून देणारी पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही. १९९४मध्ये गोमान्स आणि विल्यमसन या दोघांनी मधला मार्ग काढला. त्यांची पद्धत झटपट चालते, आणि उत्तम वाटणीत जेवढ्या जोड्या सुटल्या असत्या त्याच्या सरासरी निदान ८७.८ टक्के सोडवते. पाहुणे कसेही भांडोत.

आप्पा: बरं. मग ९५ टक्केवाली पद्धत काढायला पैसे द्या म्हणतेस?

ताई: उलट. ती निघणार नाही, असं सांगणाऱ्या माणसाला द्या म्हणते. तो माणूस तुमच्या ओळखीचा आहे.

आप्पांना नाव उमगलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. इचलकरंजीत हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. सुभाष खोत इथंच वाढले, १९९५ साली आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत देशात पहिले आले, मुंबईच्या आयआयटीतून १९९९मध्ये पदवी घेऊन पीएच.डी.साठी प्रिन्स्टनला गेले. २००२मध्ये, विद्यार्थी असतानाच, त्यांनी ‘युनिक गेम्स’ नावाचा अंदाज मांडला. एका विशिष्ट जातीच्या कोड्यातल्या जवळपास सगळ्या अटी एकाच वेळी पाळता येतात, की जवळपास कुठलीच पाळता येत नाही, एवढं ओळखणंसुद्धा संगणकाला अतोनात जड आहे, असा तो अंदाज. पुढे २००४मध्ये त्यांनी आणखी तिघांबरोबर दाखवलं की हा अंदाज खरा असेल, तर पंगतींच्या कोड्यात ८७.८च्या पुढची हमी कोणतीच झटपट पद्धत देऊ शकणार नाही. २०१४मध्ये सोल इथं त्यांना नेव्हानलिना पारितोषिक मिळालं.

ताई: आणि २००८मध्ये प्रसाद राघवेंद्र यांनी दाखवलं की पंगतींचंच काय, अशा कोड्यांच्या अख्ख्या कुळाला तोच नियम लागू होतो. तेही तेव्हा सिॲटलला पीएच.डी.च करत होते. वय बघा, आप्पा. आमच्याकडं असली कामं बावीस ते अठ्ठावीसच्या दरम्यान फार होतात. तेव्हा माणसाला भाड्याची काळजी नको.

आप्पा: पण तो अंदाजच ना? सिद्ध झालाय?

ताई: अजून नाही. २०१८मध्ये खोत, मिन्झर आणि साफ्रा यांनी त्याच्या अगदी शेजारचं एक विधान सिद्ध केलं, त्यामुळे बाजू भक्कम झाली. पण पुरा सिद्ध नाही.

आप्पा: म्हणजे वीस वर्षं उलटली तरी प्रिन्स्टनच्या पोराचा अंदाज अंदाजच आहे, आणि तू मला इथल्या पोरावर चोवीस लाख लावायला सांगतेस. बरं, त्यांना पोसलं कुणी? अमेरिकेनं. आपल्या ट्रस्टनं दमडी दिली नव्हती. तरी झालंच की सगळं.

हा बाण बरोबर लागला. ताई थोडी गप्प झाली. माझ्या मते आप्पांचा हा मुद्दा दिसतो त्याहून खोल आहे. गावाला ज्याचा अभिमान, त्याच्या कामाचा खर्च दुसऱ्याच देशाच्या तिजोरीतून झाला, आणि आपण सत्काराची शाल तेवढी घेऊन उभे राहतो. यातून दोन निष्कर्ष निघू शकतात. आप्पांनी सोयीचा काढला. ताईने दुसऱ्यासाठी कानपूर गाठलं.

ताई: कानपूरची गोष्ट सांगते. एखादी मोठी संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट आणि नाणं न उडवता, खात्रीने सांगता येईल का, हा जुना प्रश्न. मणींद्र अग्रवाल आयआयटी कानपूरला त्यावर बरीच वर्षं विचार करत होते. १९९९मध्ये सोमनाथ बिस्वास यांच्याबरोबर त्यांनी एक वाट काढली, पण तिच्यात नाणं उडवावं लागत होतं. नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोन बी.टेक.च्या मुलांनी तो धागा प्रोजेक्ट म्हणून धरला. २००२च्या उन्हाळ्यात पदवी झाल्यावर घरी न जाता दोघंही तिथंच पीएच.डी.ला लागले, आणि ऑगस्टमध्ये उत्तर निघालं. लेख नऊ पानांचा. चार दिवसांत जगभर. २००६मध्ये गोडेल पारितोषिक.

आप्पा: हे वाचलंय मी. न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलं होतं.

ताई: पुढचं वाचलं नसेल. बोर्नेमान नावाच्या जर्मन गणितज्ञाने या शोधाची हकीकत लिहिली आहे. त्यात तो सांगतो की सक्सेनांना खरं तर परदेशात जायचं होतं. हव्या त्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली नाही म्हणून कानपूरला राहिले.

आप्पा (जोरात हसून): बघ! शिष्यवृत्ती नाही मिळाली म्हणून शोध लागला! तूच माझी बाजू मांडायला लागलीस.

ताई: तिथली नाही मिळाली. कानपूरला पीएच.डी.ची जागा होती, फळा होता, अग्रवाल होते, म्हणून राहता आलं. हे इथं नसतं तर ती पोरं त्या उन्हाळ्यात बंगळुरूला कुठल्या तरी कंपनीत रुजू झाली असती.

आप्पा: आणि ही पद्धत आज कुठं वापरतात?

ताई: कुठंच नाही. प्रत्यक्षात नाणं उडवणारीच जुनी पद्धत वापरतात. ती जास्त वेगवान आहे, आणि चुकण्याची शक्यता नगण्य.

माझ्या ओळखीतले बरेच संशोधक या ठिकाणी गडबडतात आणि ‘दूरगामी उपयोग’ वगैरे बोलायला लागतात. ताईने तसं केलं नाही याचं मला बरं वाटलं. आप्पांनाही वाटलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरला.

आप्पा: खरं बोललीस. पण मग ज्याचा उपयोग होतो त्याचं काय? गुगल, बँका, यूपीआय. कमावणाऱ्यांनी खर्च करावा. आमच्या सुताचा पैसा कशाला?

ताई: कमावतात ते खरं. सर्गेई ब्रिन स्टॅनफर्डला होता तेव्हा त्याला अमेरिकन सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची विद्यार्थी फेलोशिप होती, आणि त्यानं नि लॅरी पेजनं जिथं काम केलं त्या डिजिटल ग्रंथालयाच्या प्रकल्पालाही त्याच फाउंडेशनचा पैसा होता. बँकेच्या संकेतस्थळाला जे कुलूप लागतं त्यातली आरएसए पद्धत १९७७ची. तिच्या लेखाखालीही याच फाउंडेशनचे आणि अमेरिकन नौदलाच्या संशोधन कार्यालयाचे आभार आहेत. आधी सरकारचा पैसा, मग कंपनी.

आप्पा: म्हणूनच म्हणतो, आता कंपनीनं परत करावं.

ताई: करतात थोडं. गुगलच्या पीएच.डी. फेलोशिप आहेत, टीसीएसच्या आहेत. मायक्रोसॉफ्टची बंगळुरूची संशोधन शाखा २००५पासून आहे, कयाल तिथंच असतात. पण कंपनीचं मन कधी बदलेल सांगता येत नाही. २०१४च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टनं सिलिकॉन व्हॅलीतली आपली प्रयोगशाळा एका फटक्यात बंद केली. थिअरीतली जगातली नावाजलेली माणसं तिथं होती. आता सगळा ओढा एआयकडं आहे, उद्या आणखी कुठं असेल.

आप्पा: सरकारचं मन बदलत नाही होय?

ताई: बदलतं. २०२५च्या एप्रिलमध्ये त्याच फाउंडेशननं विद्यार्थ्यांच्या नव्या फेलोशिप दोन हजारांवरून एक हजारावर आणल्या, जूनमध्ये पाचशे वाढवल्या. म्हणून तर तिसरं कुणी तरी हवं. आप्पा, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट कुणी सुरू केली सांगू? १९८९मध्ये स्पिक नावाच्या खताच्या कंपनीच्या फाउंडेशननं. सी. एस. शेषाद्रींनी ती उभी केली. युरिया विकणाऱ्यांनी गणितज्ञ पोसले.

आप्पांनी ‘युरिया’ शब्द पुटपुटून पाहिला. त्यांना तो आवडलेला दिसला. टाटा मूलभूत संशोधन संस्थाही १९४५मध्ये टाटांच्या ट्रस्टच्या पैशावर उभी राहिली, हे मी मधेच घातलं. त्यावर दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

आप्पा: ठीक. एक प्रश्न मात्र मला झोपू देत नाही. माणसं राहत नाहीत. खोत न्यूयॉर्कला. मागं तू कुणाचं सांगत होतीस, मोठं काम केलेल्या दोघांचं?

ताई: नूतन लिमये आणि श्रीकांत श्रीनिवासन. दोघांची पीएच.डी. चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेतली, मग दोघंही मुंबई आयआयटीत शिकवत होते. २०२१मध्ये फ्रान्सच्या सेबास्तियां ताव्हनास यांच्याबरोबर त्यांनी काही बहुपदींबद्दल सिद्ध केलं की थोड्याच पायऱ्यांत त्यांची किंमत काढायची ठरवली, तर बेरजा-गुणाकारांची संख्या हाताबाहेर जाते. कित्येक वर्षं अडलेलं काम होतं. त्या वर्षीच्या फॉक्स परिषदेत उत्तम शोधनिबंधाचा मान मिळाला.

आप्पा: आणि आता?

ताई: डेन्मार्कला.

आप्पा: झालं. पीएच.डी. आपल्या पैशानं, पगार डेन्मार्कचा.

ताई: त्यांनी इथं असताना शिकवलेली मुलं इथं आहेत. आणि सिद्धता कुठंही बसून केली तरी ती सगळ्यांची असते.

आप्पा: सूत असं नसतं.

यावर ताईकडे पुरं उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. ज्ञान सगळ्यांचं असतं हे खरं, पण शिकवणारा माणूस एकाच ठिकाणी असतो. संशोधनावरचा आपला एकूण खर्च देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांवर अडकलेला असताना, गेलेल्यांवर राग काढण्यात अर्थ नाही एवढं मला कळतं. पण ‘राहावं असं काय ठेवलंय’ हा प्रश्न ट्रस्टच्या बैठकीत सुटण्यातला नव्हे.

चर्चेनं वळण घेतलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आप्पांनी सहज विचारलं की सरकार देतंय तर अडतं कुठं. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये तर महिना सत्तर हजारांपासून सुरुवात होते, हे त्यांनी कुठं तरी वाचलं होतं.

ताई: ती मोजक्यांना. एकाच खोलीत, शेजारच्या टेबलांवर, एकाला सत्तर आणि दुसऱ्याला सदतीस. पण सदतीसवाल्याचंही रकमेपेक्षा दुखणं वेगळं आहे. हप्ता वेळेवर येत नाही. कधी तीन महिने, कधी सहा. आधार, बँक, गाइडची सही, विद्यापीठाचा शिक्का, कुठं तरी एक कागद अडकतो. ज्या गाइडकडं कोट्यवधींचा प्रकल्प असतो तो मधल्या काळात मुलाला प्रकल्पात दाखवून सांभाळतो. आमच्याकडं प्रकल्पच दोन लाखांचा. मग मुलं संध्याकाळी जेईईच्या क्लासला शिकवायला जातात. एकदा गेली की परत येणं कठीण. आणि पाच वर्षं संपली की पैसे बंद. आमच्या विषयात सहावं वर्ष लागणं नवल नाही.

आप्पा (खुर्चीत पुढे सरकून): थांब. म्हणजे येणं पक्कं आहे, पण उशिरा येतं?

ताई: बहुतेकांचं.

आप्पा: अगं, मग हे उधारीचं दुखणं आहे! माझा व्यापारी नव्वद दिवसांनी पैसे देतो, कामगाराला मात्र हप्त्याला द्यावे लागतात. मधे खेळतं भांडवल नसेल तर चांगला चाललेला माग बंद पडतो. तू मला भांडवल मागतेस, आणि गरज आहे खेळत्या भांडवलाची.

पुढची वीस मिनिटं आप्पाच बोलले. पाच लाखांचा फिरता निधी ठेवायचा. हप्ता अडला की ट्रस्टनं बिनव्याजी उचल द्यायची, थकबाकी जमा झाली की विद्यार्थ्यानं परत करायची. सदतीस हजारांच्या दराने एका वेळी दोघांना सहा-सहा महिने देता येतात. चार लाख चव्वेचाळीस हजार होतात, वर थोडे उरतात. सहाव्या वर्षासाठी वेगळी, परत न घ्यायची छोटी तरतूद. पोरांची फी जशी चालली आहे तशी चालू राहील. ताईने परदेशातल्या परिषदांच्या विमानभाड्याचा विषय काढला. तिच्या विषयात निबंध परिषदेतच छापून येतो आणि तिथं जाऊन मांडावा लागतो. आप्पांनी तो तिथल्या तिथं कापला: धर्मादाय ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्च झालं की प्राप्तिकराची कटकट मागे लागते. डिसेंबरात भारतातच एफएसटीटीसीएस नावाची परिषद १९८१पासून भरते, तिचं रेल्वेभाडं देऊ म्हणाले. तृतीय वर्ग वातानुकूलित.

ताई: आप्पा, हे चांगलं आहे. पण हे ज्याला फेलोशिप मिळालेली आहे त्याला. जिला मिळालीच नाही तिचं काय? गडहिंग्लजच्या कॉलेजातली एखादी मुलगी, गणितात तल्लख, पण नेटच्या परीक्षेत दोन गुणांनी हुकलेली. तिच्यासाठीच मी चोवीस लाख मागत होते.

आप्पा: अशी मुलगी आण समोर. मग बघू. न पाहिलेल्या मुलीसाठी ऐंशी पोरांची फी मी अडवणार नाही.

माझं मत विचाराल तर मी आप्पांच्या फिरत्या निधीला हात वर करणार आहे. आमच्याएवढ्या ट्रस्टला तेच झेपतं. पण गडहिंग्लजच्या मुलीबद्दल ताईचंच बरोबर आहे. ‘आण समोर’ म्हणणं सोपं असतं. असली मुलगी आपणहून कुणासमोर येत नाही, तिच्यापर्यंत कुणी तरी जावं लागतं, आणि त्या जाण्याचा खर्च आप्पांच्या हिशोबात नाही. तो मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.

तोपर्यंत ठरावाचा मसुदा करायला बसलो तर पहिल्याच कलमाला गाडी अडली. उचल देताना जामीनदार हवा, असा आप्पांचा आग्रह. ताई म्हणाली, गाइड जामीन राहील, आणखी कोण?

“आणि गाइडच डेन्मार्कला गेला तर?” आप्पा म्हणाले. “दोन जामीनदार लिही.”